पखवाजाचं जेवण

आमच्या घरात गव्हाचं पीठ माणसं खात नसत, पखवाज खात असे. आम्ही भाताची माणसं. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री भात, सणाला तांदळाच्या उकडीचे मोदक, पाहुणा आला तर घावन, आजारी पडलं तर पेज आणि बरं वाटलं की पुन्हा भात. चपाती ही लग्नातल्या व्याह्यांना वाढायची वस्तू. रेशनवर मिळालेले गहू आई कुणाकुणाला देऊन टाकी, मूठभर मात्र दळून आणून देवाच्या फळीखाली एका पितळी डब्यात ठेवी. तो डबा पखवाजाचा. लहानपणी एकदा मी त्यातल्या पिठाचा गोळा करून निखाऱ्यावर भाजायला घेतला, तेव्हा आत्याने माझ्या हातातून तो काढून घेतला. "ठेव गो ते. तुला भात हाय. त्याला दुसरं काय हाय?" मी पखवाजाकडे बघितलं. तो कोपऱ्यात चुंबळीवर बसला होता, पोट पुढे काढून, आणि खरोखरच उपाशी दिसत होता.

घर पेणला, गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत. बाबा एका कारखान्यात शाडूच्या मूर्ती साच्यातून काढायचे, आणि मूर्ती आतून वाळली की नाही हे बोटाच्या पेराने ठोकून ओळखायचे. ओली मूर्ती 'थप' म्हणे, वाळलेली 'टक', आणि तडा गेलेली काहीतरी चिडकं, नाकातलं बोले. या ठोकण्याची त्यांना इतकी सवय झाली होती की नारळ, कलिंगड, दाराची फळी आणि माझं डोकं ते सारख्याच गांभीर्याने ठोकत आणि कान देऊन उत्तराची वाट बघत. माझ्या डोक्याबाबत त्यांचा निकाल बरीच वर्षं 'अजून ओलं आहे' असाच होता. आई भाकऱ्या थापे, त्याचा आवाज पहाटेपासून. आणि सुलूआत्या, बाबांची धाकटी बहीण, तालुक्याच्या कचेरीत टायपिस्ट होती. तिचं लग्न झालं नव्हतं. तिने केलं नव्हतं असं म्हटलेलं तिला आवडे. तिच्या टायपिंगला ठेका होता. लोकांचे अर्ज ती भजनी ठेक्यात बडवी, आणि ओळ संपताना वाजणारी घंटी समेवर यावी म्हणून मजकुरातले शब्द पुढेमागे करते, असा आरोप तिच्या हेडक्लार्कने एकदा केला होता. आरोप खोटा नव्हता.

पखवाज आजोबांचा. त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते त्यांच्या गावच्या भजनात वाजवायचे, आणि म्हातारपणी पेणला आमच्याकडे राहायला आले ते एक ट्रंक आणि हा पखवाज घेऊन. ज्यांनी पखवाज लांबूनच पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगते. आडव्या पिंपासारखं लाकडी खोड, दोन्ही तोंडांना कातड्याच्या पुड्या, मधे ताणलेल्या वाद्या आणि त्यांत अडकवलेले लाकडी गट्टे. उजव्या पुडीवर कायमची काळी शाई. डाव्या पुडीवर काहीच नसतं. वाजवायच्या आधी तिथे गव्हाच्या कणकेचा गोळा थापून बसवायचा. त्यानंतरच ती बाजू बोलते. वाजवणं संपलं की कणीक खरवडून काढायची आणि गाईला घालायची. माणसानं खायची नाही. आणि त्या कणकेत मीठ कधीच घालायचं नाही, मिठाने पाणी सुटतं आणि कातडं सडतं. आत्या सात-आठ वर्षांची असल्यापासून अण्णांसाठी ही कणीक मळत होती. मळता मळता बघितलं, बघता बघता शिकली. अण्णांनी तिला कधी 'बस, शिकवतो' म्हटलं नाही आणि कधी 'ऊठ' असंही म्हटलं नाही. त्यांच्या काळात याला मोठंच उत्तेजन समजत असावेत.

अण्णा गेल्यावर पखवाजाचा प्रश्न निघाला, आणि तो काढला बापूकाकांनी. हे बाबांचे थोरले भाऊ. गावी राहायचे, शेती बघायचे, गावच्या भजनी मंडळाचे बुवा होते. उंच, गोरे, पांढऱ्या मिश्या, आणि आवाज असा की त्यांनी शेतात हाक मारली तर शेजारच्या गावची कुत्री उठून बसावीत. काकांचं म्हणणं एवढंच की वाद्य वाजलं पाहिजे, कोपऱ्यात बसलं की मरतं.

"वाजतंय की," आत्या म्हणाली. "रोज वाजवते मी."

"तू वाजवतेस ते ठीक हाय सुले, घरात. पन पखवाज छातीनं वाजतो. दंडात जोर लागतो. डाव्या हाताची थाप पडली की देवळाचा कळस हलला पायजे. बायचा हात भाकरीचा."

"मग भाकरीलाच विचार दादा, किती सोसते ते."

बाबा त्या वेळी एक रिकामा माठ ठोकून बघत होते. ते मधे पडले नाहीत. दोन मोठ्या आवाजांच्या मधे पडू नये, हे ते त्यांच्या धंद्यातून शिकले असावेत.

मला मात्र या वादाने चांगलंच धरलं. मी तेव्हा अकरावीला सायन्सला होते, आणि सायन्सला गेलेल्या मुलीला घरातल्या कुठल्याही वादाचा निकाल आपणच द्यायचा आहे असं वाटत असतं. मी आमच्या फिजिक्सच्या वैद्य सरांना विचारलं, की थापेचा आवाज खर्जात जातो तो जोराने की कणकेने? सर वयाने तिशीतले, किडकिडीत, अतिशय उत्साही. त्यांना गाण्याचा कान अजिबात नव्हता, पण गाण्याबद्दल आदर अफाट होता. ते म्हणाले, पुस्तकात बघण्यापेक्षा पखवाजालाच विचारू. आणि रविवारी सकाळी खिशात पांढऱ्या रांगोळीची पुडी घेऊन घरी हजर झाले.

पुढचा देखावा मी अजूनही पाहुण्यांना उभी राहून, हातवारे करून सांगते. सरांनी दोन उंच पाट अंतरावर मांडले, त्यांवर पखवाज उभा केला, डावी पुडी वर आणि उजवी खाली. डावीवर रांगोळी अगदी पातळ भुरभुरली. मग स्वतः जमिनीवर उताणे झोपले, डोकं पाटांच्या मधे सारलं, आणि पखवाजाच्या बुडाखाली तोंड नेऊन "आऽऽऽ" असा सूर लावला. आई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"सरांना काय झालं गो?"

"काही नाही. ते गातायत."

"कुणाला?"

पण वर कातड्यावर रांगोळी नाचत होती. हात कुणी लावला नव्हता. सर खालच्या पुडीला गात होते, खालची पुडी पोटातल्या हवेला ढकलत होती, आणि हवा वरच्या पुडीला. सर धडपडत उठून म्हणाले, दोन कातडी वेगवेगळी नाहीत, आतल्या हवेने एकमेकांना बांधलेली आहेत. एकीला मारलं की दुसरी हलते, आणि उरलेलं काम ते पोकळ खोड करतं. रांगोळी नुसती नाचत नव्हती, ती सरकून सरकून रेघांवर गोळा होत होती. कधी एक कडं, कधी आडवी रेघ. सरांचा सूर एका जागी टिकतच नसे, त्यामुळे आम्हाला एका दमात पुष्कळ नक्ष्या बघायला मिळाल्या. चांगल्या गवयाकडून हा प्रयोग इतका जमला नसता.

मग सर समजावू लागले. नुसतं कातडं ताणून मारलं की ते सगळं एकदम वरखाली होत नाही. त्याचे भाग पडतात, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली, आणि प्रत्येक भागाची हलायची गती वेगळी, सूर वेगळा. म्हणून नुसत्या कातड्याचा आवाज भद्द येतो. "ग्रामसभा," सर म्हणाले, "सगळे एकदम बोलतात." उजवीकडची शाई मधोमध वजन ठेवते आणि त्या सगळ्या आवाजांना एकमेकांच्या पटीत आणून बसवते, म्हणून त्यातून सूर ऐकू येतो. आणि कणीक? सरांनी विचारलं, तुमच्या गावी ओढ्यावर साकव आहे का? आत्या म्हणाली, आहे, फळ्यांचा. "त्यावरून शेळी गेली की साकव कसा थरथरतो?" भरभर, आत्या म्हणाली. "आणि म्हैस गेली की?" आत्याने हाताने दाखवलं, संथ, मोठा हेलकावा. "झालं तर मग. साकव तोच. वजन वाढलं की हलणं संथ, आणि हलणं संथ म्हणजे आवाज खर्जात. तुम्ही साकवावर म्हैस आणून उभी करता. जोरात मारलं तर आवाज मोठा होईल. खोल नाही होणार."

आत्याने बोटाने पुडीवरची रांगोळी एका बाजूला सारली. मग म्हणाली, "एवढं सगळं होतं होय? मला वाटायचं, भूक लागते म्हणून." आणि सरांच्या केसांतली रांगोळी झटकायला तिने फडकं दिलं.

त्याच श्रावणात रोह्याला महिला भजनी मंडळांची स्पर्धा होती. आमच्या आळीतल्या बायकांचं मंडळ होतं, गाणाऱ्या होत्या, टाळ होते. पखवाजाला मात्र तोवर सगळीच महिला मंडळं कुठून तरी एक पुरुष आणीत आणि त्याला बाजूला भिंतीला लावून बसवीत. या वेळी आत्या म्हणाली, मी बसते. बातमी गावी पोचली आणि बापूकाका पहिल्या एसटीने आले. ओरडले नाहीत. ओसरीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी येतो रोह्याला. ऐकतो. खर्ज शेवटपर्यंत टिकला तर पखवाज तुझा, परत नाव काढनार नाय. मधेच बसला, फुटला, तर तिथूनच खांद्यावर मारून गावी नेईन. मंजूर?"

"मंजूर," आत्या म्हणाली. पण त्या संध्याकाळी भाजी निवडताना तिची बोटं पाटावर वाजायची थांबली होती. आमच्या घरात हे कळायला शब्द लागत नसत.

स्पर्धेच्या सकाळी तिने स्वतः कणीक मळली, अळणी, थोडी सैल, ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात ठेवली. पखवाज गोधडीत बांधला. मंडळातल्या बाकीच्या बाया थेट रोह्याला देवळात जाणार होत्या. आई, आत्या, मी आणि बापूकाका, आम्ही चौघं आधी आईच्या मावसबहिणीकडे, वेणूमावशीकडे, जेवायला उतरणार होतो. मावशीचं घर रोह्याच्या अलीकडे, कुंडलिकेच्या काठच्या एका वाडीत. एसटीत आत्याने ती गोधडी मांडीवर घेतली तेव्हा कंडक्टर वाकून म्हणाला, "पोराला वारा लागू द्या जरा, ताई." वडखळपर्यंत काका दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होते. नागोठण्याला त्यांनी विचारलं, "जड होतंय काय?" आत्या म्हणाली, "नाय." इतकंच बोलणं झालं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं त्या रितीनेच केलं. पाहुणी घरात शिरली की तिच्या हातातली टोपली घरची बाई घेते आणि सरळ आत नेते. काय आणलंय हे विचारत नाही. विचारणं म्हणजे हावरेपणा. पाहुणीही काय आणलंय हे सांगत नाही. सांगणं म्हणजे मिरवणं. आईच्या टोपलीत नारळ होता, पोह्यांचे पापड होते, परसातली पडवळं होती, आणि एसटीत कलंडू नये म्हणून आईनेच मधोमध नीट बसवलेला पितळी डबा होता. वेणूमावशीने उंबऱ्यातच "आलीस गो बाय!" म्हणत टोपली घेतली. आम्ही पाय धुवायला मागे गेलो.

जेवण बघण्यासारखं होतं. केळीची पानं, कडव्या वालांचं बिरडं, वर ओलं खोबरं, अळूचं फदफदं, भात. आणि पानाच्या डाव्या बाजूला, घडी घातलेली, तूप लावलेली, चपाती. काकांचे डोळे चमकले.

"वेणूबाय! चपात्या? गव्हाच्या?"

"तर काय! तुमच्यासारखे बुवा येनार घरी," मावशी पदराने घाम पुसत म्हणाली. "चार, पाच, वाढते, लाजू नका."

काका लाजले नाहीत. बिरड्याला चपाती लावून ते अशा तंद्रीत जेवत होते की आलापीच ऐकत असावेत. मीही खाल्ली. आईनेही खाल्ली. आत्याने पहिला तुकडा मोडून तोंडात घातला तेव्हाच काका तृप्त होऊन म्हणाले, "फस्कलास. मीठ तेवढं विसरलात हो."

आत्याचं चावणं थांबलं.

ती पुन्हा हळूच चावली, चव घेतल्यासारखी. मग तिने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि अगदी शांत आवाजात विचारलं, "वेणूताई, कणीक कुठची?"

"तुमचीच की! डब्यात मळूनच आणलीत ना? मी म्हटलं, काय मनकवड्या बाया पेणच्या! म्हाईत हाय वेणूकडे गव्हाचं पीठ नसतं, तर मळून आणली. उचलून लाटली नुसती."

बापूकाकांच्या हातात शेवटची चपाती होती. त्यांनी ती बघितली, आत्याला बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय होतं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. जिंकल्याचा आनंद असायला हरकत नव्हती. तो नव्हता. पखवाजाचं अन्न आपण खाल्लं, याची खरीखुरी भीती होती.

"आता?" आई म्हणाली.

आता काही नाही. वाडीत सगळी भाताची घरं. रोह्याचा बाजार त्या दिवशी बंद. दुसऱ्या मंडळाच्या पखवाजवाल्याकडे कणीक मागावी, तर काकांचं म्हणणंच खरं ठरलं असतं. एका घरात रेशनचे गहू निघाले, पण अख्खे, आणि पाट्यावर त्यांचं पीठ करत बसायला वेळ नव्हता. गिरणीला सकाळपासून वीज नव्हती, आणि गिरणी आल्यावर मावशीने आपल्या जात्याचे दगड न्हाणीघरात धुणं आपटायला बसवले होते. मावशी रडायला लागली. आई तिला समजावता समजावता स्वतःच रडवेली झाली. "टोपलीत मीच ठेवला गो वन्सं तो डबा," ती आत्याला सारखं म्हणत होती. काका अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मावशीने डोळे पुसले आणि तांदळाच्या पिठाची उकड काढली. मोदकाला असते तशी, लोण्यासारखी. आत्याने ती ऊन ऊन पुडीवर थापली, गुळगुळीत केली, निवू दिली. दिसायला कणकेहून देखणी. मग थाप दिली. उकडीला सुकलेल्या खाजणाच्या चिखलासारख्या भेगा गेल्या. दुसऱ्या थापेला तिचा एक टवका उडाला आणि थेट अंगणात, बापूकाकांच्या टोपीवर जाऊन बसला. काकांनी तो काढला, बोटांत चुरला आणि म्हणाले, "ह्याला चिवटपना नाय."

वाक्य साधं होतं, पण बरोबर होतं. कणीक ताणते, कातड्याबरोबर हलते. तांदळाचं पीठ ताणत नाही. कातडं हललं की तुटतं. मी ओटीवर बसून सरांचा साकव आठवत होते. म्हैस गव्हाचीच हवी असं सरांनी कुठे सांगितलं होतं? कातड्याला गहू कळत नाही, तांदूळ कळत नाही. त्याला फक्त ओझं कळतं. ओझं हवं, आणि ते चिकटून राहायला हवं.

"आत्या, चिकट काय असतं?" मी विचारलं. "तांदळातलंच. पतंग कशाने चिकटवतो?"

"भातानं," ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा बदलला. "अगो, उजवीकडची शाई! अण्णा स्वतः घोटायचे. भाताची खळ करायचे आणि त्यात लोखंडाची पूड घालायचे. उजवी बाजू जन्मापासून भातच खातेय की गो!"

"पण लोखंड कुठनं आणायचं?"

मावशीच्या घरात लोखंडाची पूड नव्हती. चूल होती. चुलीत राख होती. राखेने खळ घट्ट आणि जड होते, राख ओल शोषून घेते म्हणजे कातडं भिजत नाही, आणि खळीला बांधून धरते. मावशी अक्षरशः धावली. आसडीचा, कमी सडलेल्या तांदळाचा, मऊ भात पाट्यावर वाटला, राख फडक्यातून चाळून त्यात मळली, आणि काळसर, चिकट, बोटाला सोडायला तयार नसलेला गोळा झाला. आत्याने तो पुडीवर बसवला. पहिली थाप दबकी आली, वजन जास्त झालं होतं. तिने कडेचा चिमटा काढला. पुन्हा थाप. पुन्हा चिमटा. मी बघत होते. प्रत्येक चिमट्याने आवाज एकेक पायरी वर चढत होता, रहाटाने पोहरा वर यावा तसा. मग एका थापेला उजवी पुडी आपोआप हलकी गुणगुणली. डावीचा सूर तिला सापडला होता. आत्या म्हणाली, "बस."

"टिकेल?" आईने विचारलं.

"जोरात मारलं तर उडेल," आत्या म्हणाली. "हळूच वाजवावं लागेल."

आणि तिने काकांकडे बघितलं. दंडाच्या जोराचा प्रश्न भाताने परस्पर निकालात काढला होता.

देवळाच्या सभामंडपात बायकांची ही गर्दी. आमची पाळी दुपार कलायच्या आधी आली. आत्या मधे बसली. भिंतीला लावलेला पुरुष नाही, हे बघून कुजबुज झाली. शेजारी पाण्याचा तांब्या. काका समोरच, पहिल्या ओळीत, मांडी घालून, डोळे मिटून. मी त्यांच्या मागे, लादीवर.

अभंग सुरू झाला. आत्याची पहिली थाप मला कानात ऐकू आलीच नाही. ती बुडाखालच्या लादीतून आली. हात जेमतेम उचलला होता तिने. नुसता तळवा ठेवल्यासारखा, आणि तरी तो खर्ज मंडपाच्या खांबांपर्यंत जाऊन परत आला. गव्हाच्या कणकेहून खोल. काकांनी एक डोळा उघडला. मिटला. मधूनमधून आत्या अंगठा तांब्यात बुडवून गोळ्याला लावी, कारण राख ओल पीत होती. लोकांना वाटलं ही तिची लकब आहे.

मग लय वाढली. अभंगाच्या शेवटाकडे टाळ चढले, बाया चढल्या, आणि द्रुत लयीत एक लहान तुकडा सुटून उडालेला मी पाहिला. कडेने गोळा उचलला जात होता. दोन-चार थापांत सगळाच निघाला असता, आणि मग भद्द, ग्रामसभा. काकांचे दोन्ही डोळे आता उघडे होते. त्यांनाही दिसलं होतं. आत्याने हात उचललाच नाही. तळहाताची टाच तिने गोळ्यावर दाबून धरली, आणि नुसत्या बोटांनी वाजवत राहिली. टाच दाबली की कातडं ताणलं जातं, सूर वर सरकतो. टाच सैल केली की खाली घरंगळतो. गोळा पडू नये एवढ्यासाठी केलेली ती धडपड, पण त्याने पखवाज बोलता बोलता हुंकार द्यायला लागला. ऊं... हूं... जसा कुणी जाणता माणूस ऐकता ऐकता मान डोलावतो. मंडपातल्या बायका "अगो बाय!" करून पुढे सरकल्या. शेवटची सम आली आणि आत्याने हात उचलला नाही, तसाच ठेवला. खर्ज त्याच्या मनाने विरला.

आमचा नंबर आला नाही. आमच्या गाणारीने एक चरण दोनदा म्हटला होता, आणि बक्षीस मुरुडकडच्या एका मंडळाला गेलं. त्या खरंच चांगलं गायल्या. हे सगळं मी फार नंतर आठवून लिहिते आहे. त्या दिवशी आम्हा कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. देवळाच्या पायरीवर काका आले आणि त्यांनी आत्याला एकच विचारलं.

"ते मधे घुमवलंस, ते अण्णांनी कधी शिकवलं?"

"अण्णांनी नाय. भातानं."

काकांनी खाली वाकून पखवाज उचलला, गोधडीसकट, आणि खांद्यावर मारला. आत्याचा चेहरा पांढरा पडला. शेवटी गोळा उचकटलाच होता, आणि टाच दाबून ठेवणं म्हणजे खर्ज टिकणं की नाही, हे ठरवणारे काकाच होते. ती मागोमाग निघाली. एसटीत ते पखवाज मांडीवर घेऊन बसले. पेणच्या स्टँडवर त्यांच्या गावची गाडी लागलेलीच होती, दारात कंडक्टर ओरडत होता. काका त्या गाडीकडे न बघता तिच्यासमोरून पुढे निघून गेले. आमच्या आळीत वळले. आमच्या घरात शिरले, आणि कोपऱ्यातल्या चुंबळीवर पखवाज ठेवला. मग स्वतः बसून, नखाने, हळूहळू, पुडीवरचा राखेचा भात खरवडून काढला आणि दाराशी उभ्या असलेल्या गाईपुढे धरला. गाईने हुंगून तोंड फिरवलं.

बाबा आतून आले. त्यांनी पखवाजाला पेराने ठोकलं आणि कान लावला.

"वाळला," ते म्हणाले.

तो पखवाज आज माझ्याकडे आहे. दोनदा पुड्या बदलल्या, वाद्या बदलल्या, खोड तेच. घरात आता चपात्या रोज होतात, पिठाच्या पिशव्या दुकानातून येतात, आणि माझ्या सुनेला कणीक कुणासाठी वेगळी ठेवावी लागते याचं नवल वाटत नाही, कारण ती या घरात आली तेव्हापासून डब्यावर बापूकाकांचं वाक्य आहे. लिहिलेलं नाही, सांगितलेलं. त्या संध्याकाळी ते निघाले, चपला घातल्या, उंबऱ्यात थांबले, आणि आत्याकडे न बघता, पखवाजाकडे बघत म्हणाले,

"पुढच्या खेपेला कनीक जास्त मळ गो. एक गोळा त्याचा, एक माझा." दोन पावलं जाऊन वळले. "माझ्यात मीठ घाल."